खडपातले जीव घरच्या टाकीत आणण्यापूर्वी

वाचकाचे पत्र

बँकेतील बदलीमुळे आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून रत्नागिरीला आलो. माझ्या बारा वर्षांच्या मुलाला समुद्राचे वेड लागले आहे. त्याच्या हट्टाखातर तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी करून घेतली. अर्धे पाणी भाट्याच्या किनाऱ्यावरून आणले आणि उरलेले नळाच्या पाण्यात खडेमीठ विरघळवून तयार केले. दुसऱ्याच दिवशी ओहोटीच्या वेळी खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, जाऊन दोन समुद्रफुले (खडकाला चिकटून राहणारे फुलासारखे प्राणी) सुरीने सोडवून आणली, शिवाय एक तारामासा, शंखात राहणारे चार खेकडे आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक लहान मासा आणला. चौथ्या दिवशी पाण्याला घाण वास येऊ लागला. समुद्रफुले, तारामासा आणि पाठोपाठ मासा मेला. खेकडे मात्र अजून हिंडत आहेत. आता पुन्हा नीट सुरुवात करायची आहे. किनाऱ्यावरून नेमके काय आणावे? दिवाळीत मालवणला जाणार आहोत, तेथून प्रवाळाचा एखादा तुकडा आणि समुद्रकाकडी आणली तर चालेल का? आणि दुकानातला क्लाउनफिश आमच्या समुद्रफुलात राहील का?

(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

काय आणावे, या आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या टाकीनेच दिले आहे: खेकडे जगले आणि बाकीचे गेले. हा योगायोग नव्हे. शंखात राहणारा खेकडा खडपाच्या वरच्या पट्ट्यातला रहिवासी आहे. तेथील उथळ डबकी मे महिन्याच्या दुपारी चांगलीच तापतात, पाणी आटून त्यांतला खारटपणा वाढतो आणि जूनच्या पहिल्या सरीत तीच डबकी जवळजवळ गोडी होतात. हे सारे सोसण्याची सवय ज्याच्या अंगी भिनलेली आहे, तो नवख्या माणसाच्या टाकीतही तग धरतो. समुद्रफुले आणि तारामासे बहुधा त्याच्या खाली, म्हणजे मोठ्या सुकतीलाच उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात सापडतात, आणि तेथे पाण्याचे तापमान व खारटपणा वर्षातला बहुतेक काळ फारसा बदलत नाही. तेव्हा किनाऱ्यावरून जीव निवडताना रंगरूप पाहण्याआधी तो भरतीरेषेपासून किती खाली सापडला, हे पाहावे. डोळ्यांना सर्वांत मोहवणारे जीव बहुतेक वेळा सर्वांत खालच्या पट्ट्यात असतात आणि घरात सर्वांत आधी तेच मरतात.

डबके आणि टाकी यांत एक मूलभूत फरक आहे. खडपातल्या डबक्यात दिवसातून दोनदा अख्खा अरबी समुद्र येऊन पाणी बदलून जातो. प्राण्यांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या अन्नातून तयार होणारा अमोनिया तेथे साचतच नाही. आपल्या टाकीला भरती नाही. तेथे हे काम वाळूवर आणि दगडांवर वाढणाऱ्या जीवाणूंना करावे लागते: काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात आणि आपण तिला एकच दिवस दिलात. त्यातून समुद्राचे पाणी अल्कधर्मी व कोकणातले पाणी उबदार, आणि या दोन्हींमुळे अमोनियाचा विषारी अंश वाढतो. सुरीने सोडवताना समुद्रफुलाचा तळ फाटला असणार. ते मरून कुजू लागले आणि त्या एका कुजण्याने उरलेल्यांचा जीव घेतला, असे पत्रातील क्रमावरून मला दिसते.

पाण्याबाबत दोन चुका झाल्या आहेत. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी तेथून भरलेले पाणी खाडीचे, म्हणजे कमी खारट आणि गढूळ असण्याचा संभव मोठा. पाणी आणायचेच असेल तर खाडीच्या मुखापासून आणि वस्तीच्या सांडपाण्यापासून दूर, उघड्या खडकाळ किनाऱ्यावर, भरती पूर्ण होत आली असताना भरावे, दाट कापडातून गाळून घ्यावे आणि झाकलेल्या स्वच्छ पिंपात काही दिवस अंधारात स्थिर ठेवून वरचे नितळ पाणी वापरावे. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी आणूच नये. दुसरी चूक खडेमिठाची. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियमने भरलेले उरलेले कडवट पाणी सोडून दिले जाते. याचा अर्थ, समुद्राच्याच पाण्यापासून बनलेले खडेमीठ पुन्हा पाण्यात विरघळवले तरी समुद्राचे पाणी तयार होत नाही. शंख, कवच आणि काटे घडवणाऱ्या प्राण्यांना लागणारे नेमके तेच क्षार त्यातून गेलेले असतात. मत्स्यालयासाठी मिळणारे तयार सागरी मीठ आरओच्या पाण्यात, पाकिटावरील सूचनेप्रमाणे लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे. नळाचेच पाणी वापरणे भाग असेल तर त्यातील क्लोरीन घालवणारे द्रावण आधी घालावे.

खारटपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, स्वस्तातल्या तरंगत्या काट्यावर विसंबू नये. हजार भागांत ३५ भाग क्षार, हे आपले लक्ष्य. येथे एक गोष्ट नवशिक्यांच्या हमखास नजरेतून सुटते. टाकीतून पाणी उडून जाते, क्षार जात नाहीत. आपल्या टाकीत साधारण १८० लिटर पाणी मावत असेल आणि रोज दोन लिटर उडत असेल, तर दहा दिवसांत खारटपणा ३५ वरून ३९ च्या वर जातो. म्हणून काचेवर पातळीची खूण करून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी, समुद्राच्या पाण्याने कधीही नव्हे. उन्हाळ्यात टाकी ३० अंशांच्या पुढे जाऊ लागली तर पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावावा. त्याने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, मात्र बाष्पीभवन वाढते, हे लक्षात ठेवावे. तापलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि कोकणातली वीज पहिल्या वादळात जाते, त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन समजू नये. मी तर तो टाकीच्या आधी खरेदी करायला सांगेन.

आता क्रम. टाकीत आधी धुतलेली वाळू आणि दगड घालावेत. बसाल्टचे काळे, वर काहीही न चिकटलेले सुटे दगड उत्तम. जांभा ठिसूळ असतो आणि पाण्यात माती सोडतो, तो टाळावा. पाणी खेळते ठेवून कोळंबीचा नखाएवढा तुकडा आत टाकावा आणि अमोनिया व नायट्राइट मोजण्याचे संच आणून दर दोन-तीन दिवसांनी नोंद करावी. दोन्ही आकडे चढतील, मग उतरतील आणि शून्यावर स्थिरावतील. तोवर टाकीत एकही प्राणी जाऊ नये. हे दीड महिन्याचे थांबणे बारा वर्षांच्या मुलाला जड जाईल, हे मान्य. पण आकड्यांची वही त्याच्याच हाती दिलीत तर हा काळ अगदीच रिकामा जाणार नाही. जिवंत राहिलेल्या चार खेकड्यांना तोपर्यंत वेगळ्या रुंद भांड्यात, रोज थोडे पाणी बदलून ठेवावे. तेही जमणार नसेल तर, टाकीत बाहेरचे काहीच आलेले नसल्यामुळे, जेथून आणले त्याच डबक्यात ते आताच परत सोडावेत.

टाकी तयार झाल्यावर पहिल्या फेरीत हेच शंखातले लहान खेकडे, फार तर पाच-सहा, आणि शेवाळ खरवडून खाणाऱ्या तीन-चार गोगलगाई आणाव्यात. खेकडा वाढतो तसा त्याला मोठा शंख लागतो, आणि तो मिळाला नाही तर तो शेजाऱ्याला मारून त्याचा शंख घेतो. म्हणून निरनिराळ्या मापांचे मोजके रिकामे शंख आत ठेवावेत. ते पिशव्या भरभरून गोळा करू नयेत, कारण किनाऱ्यावरच्या खेकड्यांनाही तीच घरे लागतात. खडकाच्या अगदी वरच्या भागात चिकटून असणाऱ्या गोलसर गोगलगाईंना पाण्याबाहेर राहण्याची सवय असते, त्या रात्री काचेवरून चढून घरभर फिरतात. टाकीला जाळीचे झाकण हवेच. महिनाभर सारे स्थिर राहिले तर डबक्यातली काचेसारखी पारदर्शक लहान कोळंबी दोन-तीन आणावी, आणि त्यानंतर वरच्या डबक्यांत तळाशी बसून राहणारा गोबी किंवा ब्लेनी जातीचा एकच लहान मासा. एवढ्या टाकीला किनाऱ्यावरून आणखी काही लागत नाही. चिंबोरीचे पिल्लू कितीही गोजिरवाणे दिसले तरी आणू नये, ते बाकी सर्वांना खाऊन मोठे होईल.

आपला पट्ट्यांचा मासा बहुधा सार्जंट मेजर असावा. त्याची पिल्ले कोकणातल्या डबक्यांत नेहमी दिसतात. पूर्ण वाढ झाल्यावर तो वीतभर होतो आणि टाकीतल्या इतर माशांना जगू देत नाही, म्हणून त्याला टाकीत जागा नाही. तारामाशाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. त्याच्या शरीरातील द्रवाचा खारटपणा बाहेरच्या पाण्याबरोबर बदलतो, तो सांभाळण्याची सोय त्याच्यापाशी नाही. पिशवीतून थेट वेगळ्या पाण्यात टाकल्यावर त्याचे नुकसान त्याच क्षणी होते, मरण मात्र काही दिवसांनी दिसते. वाळूतला तारामासा पुरलेले शिंपले शोधून खातो, तो टाकीतली वाळू काही आठवड्यांत रिकामी करतो आणि मग उपाशी मरतो. अशी उपासमार चटकन कळत नाही, कारण हे जीव महिनोन्महिने आतल्या आत झिजत राहतात. हीच गोष्ट रंगीत समुद्री गोगलगाईंची, म्हणजे न्यूडिब्रँकची. त्यांतल्या अनेक जाती एखाद्याच प्रकारच्या स्पंजावर किंवा हायड्रॉइडवर (झुडपासारख्या दिसणाऱ्या बारीक समुद्री प्राण्यांवर) जगतात, आणि ते अन्न आपण देऊ शकत नाही. कालवे आणि शिंपले पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात, घरातल्या स्वच्छ पाण्यात त्यांची उपासमारच होते. अन्न काय, याचे उत्तर आणण्यापूर्वी देता येत नसेल तर तो प्राणी जागेवरच राहू द्यावा. ज्यांना आपण आणणार आहात त्यांचे जेवण मात्र सोपे आहे: मिरकरवाड्याच्या बाजारातली ताजी कोळंबी किंवा तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) मांस, बारीक चिरून, दिवसाआड चिमूटभर, आणि उरलेले तासाभरात बाहेर.

समुद्रफूल पुन्हा आणायचे असेल तर टाकी निदान सहा महिने सुरळीत चालल्यानंतर, आणि तेही एखाद्या सुट्या लहान दगडावर बसलेले, दगडासकट. सुरी, छिन्नी, पहार यांना खडपात नेऊच नये.

मालवणच्या बेताबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि ते केवळ माझे मत नाही. प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांचा समावेश २००१ मध्ये झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने मांडलेल्या अनुसूची एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कारावासाची आहे. प्रवाळ मेलेला होता, तुकडा वाळूत पडलेला मिळाला, ही सबब चालत नाही. शिवाय मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथून परवानगीवाचून काहीही उचलता येत नाही. तेथे मुलाला पाण्यात उतरून प्रवाळ पाहू द्यावा. कायदा बाजूला ठेवला तरी समुद्रकाकडी टाकीला योग्य नाहीच: ती घाबरली किंवा मेली की तिच्यातील विष पाण्यात उतरते, आणि अनेक जातींच्या बाबतीत त्याने टाकीतले मासे मरतात.

काही जीव आपल्यालाही अपाय करतात. शंकूच्या आकाराची, नक्षीदार शंखाची गोगलगाय हातात घेऊ नये. ती विषारी दंश करते आणि तिच्या काही जातींचा दंश माणसाला प्राणघातक ठरलेला आहे. खडकावर हिरवट-तपकिरी बटणांच्या दाट थरासारखे पसरलेले झोअँथिड सोलू नयेत, आणि ते असलेला दगड निर्जंतुक करण्यासाठी उकळण्याची चूक तर मुळीच करू नये. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते आणि उकळत्या भांड्याच्या वाफेने परदेशात कुटुंबेच्या कुटुंबे रुग्णालयात गेल्याची उदाहरणे आहेत. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे निळे फुगे, म्हणजे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, वाळूत मेलेले दिसले तरी डंख मारतात.

खडपात जायची वेळ ठरवण्यासाठी आपल्या शेजारचा कोणताही जुना मच्छीमार सांगेल तो हिशेब पुरेसा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास, आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या या दिवसांत उधाणाचा जोर टिकून असल्याने पाणी बरेच खाली जाते. द्वितीया-तृतीयेच्या सकाळी, ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी वळले की लगेच मागे फिरावे. पायात पकड असलेले बूट असावेत. उलटलेला प्रत्येक दगड होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला सावलीत जगणारे जीव उन्हात काही मिनिटांत वाळतात. जून ते ऑगस्ट खडपात पाऊल टाकू नये. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तो निर्बंध आपल्याला लागू नसला तरी तसाच नियम आपण आपल्याला घालून घेतलेला बरा. आणलेला प्राणी बादलीतून थेट टाकीत सोडू नये. बारीक नळीने टाकीतले पाणी थेंबाथेंबाने बादलीत येऊ द्यावे आणि तासाभराने प्राणी हलवावा.

एका माणसाने चार खेकडे नेल्याने समुद्राचे काय बिघडते, असा प्रश्न आपल्या मनात येईल. इंग्लंडमध्ये १८५० च्या दशकात फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या लेखनाने घरोघरी समुद्री टाक्यांची लाट आली आणि डेव्हनच्या किनाऱ्यावरील डबकी हौशी लोकांनी अक्षरशः ओरबाडून रिकामी केली. त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने पन्नास वर्षांनंतर, १९०७ मध्ये, वडिलांना या गोष्टीची किती खंत होती ते लिहून ठेवले आहे. तेथेही प्रत्येक जण थोडेच नेत होता. रत्नागिरीच्या खडपांवर सुट्टीत येणारी गर्दी पाहता हा विचार मला दूरचा वाटत नाही.

उलट दिशेचा धोकाही आहे. दुकानातल्या प्राण्यांबरोबर राहिलेला जीव नंतर समुद्रात सोडू नये, त्याच्याबरोबर रोग आणि परके जीव जातात. मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाखालच्या समुद्रात १९८४ मध्ये दिसलेले कॉलर्पा शेवाळ पुढे भूमध्य समुद्रात किती तरी दूरवर पसरले. म्हणून दुकानातले काही आणण्याचा विचार असेल तर तो आधी ठरवावा, कारण त्यानंतर किनाऱ्यावरच्या खेकड्यांना परतीची वाट उरत नाही.

मुलाचा ओढा पाहता, टाकी तयार होईपर्यंत त्याला एक पसरट पांढरा ट्रे द्यावा. डबक्यातला जीव त्याच डबक्याच्या पाण्यात काही मिनिटे ठेवायचा, फोटो घ्यायचा, चित्र काढायचे आणि जागच्या जागी सोडायचा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर जीव जागेवरच पाहण्याच्या अशा फेऱ्या रुजवल्या आहेत. आपल्या गावात कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि त्याचे मत्स्यालय आहे. तेथे सापडलेल्या जिवाचे फोटो दाखवून नाव विचारावे.

राहता राहिला क्लाउनफिश. तो ज्यांच्याबरोबर राहतो अशा समुद्रफुलांच्या जगात सुमारे दहाच जाती आहेत, आणि आपल्या डबक्यांतली लहान समुद्रफुले बहुतेक त्यांत बसत नाहीत. ती त्यालाही खाण्याचा प्रयत्न करतील. टाकीत मात्र क्लाउनफिश समुद्रफुलाशिवाय उत्तम राहतो. भारतात त्याचे प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधले आहे, त्यामुळे दुकानदाराला तो प्रजननकेंद्रातला आहे की समुद्रातून पकडलेला, हे विचारून प्रजननकेंद्रातलाच घ्यावा. एवढ्या टाकीत एक जोडी पुरे. ती आणायची असेल तर वर सांगितलेला गोबी आणू नये, आणि खेकडे बोटाच्या पेरापेक्षा मोठे ठेवू नयेत.